मूत्र-नमुन्यांतील काही ई. कोलाय ताज्या मानवी सीरममध्ये मरत का नाहीत?

प्रश्न : सूक्ष्मजीव_एमएस्सी, कोल्हापूर

नमस्कार. मी कोल्हापुरात सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. मूत्रमार्गाच्या संसर्गातून मिळालेल्या ई. कोलाय जीवाणूंवर मानवी सीरमचा (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवाचा) काय परिणाम होतो, हा सध्या माझ्या लघुप्रकल्पाचा विषय आहे. नैतिकता समितीची परवानगी आणि रक्त देणाऱ्या निरोगी स्वयंसेवकांची लेखी संमती घेतलेली आहे. पद्धत नेहमीचीच आहे. जोमाने वाढत असलेले जीवाणू धुऊन घ्यायचे, निम्मे सीरम असलेल्या मिश्रणात ३७ अंश सेल्सिअसला ठेवायचे, आणि सुरुवातीला व नंतर तीन तासांपर्यंत दर तासाला थोडा भाग प्लेटवर पसरवून कॉलन्या मोजायच्या. ५६ अंशांवर अर्धा तास तापवलेले सीरम नियंत्रण म्हणून सोबत ठेवते.

काही आयसोलेट (एकेका नमुन्यातून वेगळे करून वाढवलेले जीवाणू) पहिल्या तासातच जवळजवळ नाहीसे होतात, काही सुरुवातीला घटतात आणि तिसऱ्या तासापर्यंत पुन्हा वाढू लागतात, तर काहींना सीरमची जाणीवही होत नाही. ते साध्या ब्रॉथमध्ये वाढावेत तसे वाढतात. तापवलेल्या सीरममध्ये मात्र सगळेच जगतात. एकाच जातीच्या जीवाणूंमध्ये एवढा फरक कशामुळे पडतो?

आणखी एक गोष्ट मला उलगडत नाही. प्रतिजैविकांच्या चाचणीत बहुतेक औषधांना दाद न देणारा एक आयसोलेट सीरममध्ये लगेच मरतो, आणि सर्व औषधांना संवेदनशील असलेला दुसरा एक आयसोलेट सीरममध्ये खुशाल टिकतो. या दोन प्रतिकारांचा परस्परांशी काही संबंध आहे का?

उत्तर : निवृत्त_शिक्षक, राजारामपुरी

प्रश्न नीट मांडलेला आहे, आणि तापवलेल्या सीरमचे नियंत्रण ठेवल्यामुळे अर्धे उत्तर आपल्याच वहीत आहे. अर्धा तास ५६ अंशांवर ठेवल्याने सीरममधील प्रतिपिंडे (अँटिबॉडी) नष्ट होत नाहीत. नष्ट होते ती कॉम्प्लिमेंट या प्रथिनसमूहाची कार्यशक्ती, कारण त्यातील सी२ आणि फॅक्टर बी ही प्रथिने उष्णतेला विशेष नाजूक असतात. म्हणजे आपले आयसोलेट ज्याने मरतात ते कॉम्प्लिमेंट, आणि जे जगतात त्यांनी कॉम्प्लिमेंटपासून स्वतःचा बचाव केलेला आहे.

हे ज्ञान जुने आहे. जॉर्ज नटाल यांनी १८८८ साली रक्त पेशींच्या मदतीशिवायही जीवाणू मारू शकते असे दाखवले, आणि पुढच्याच वर्षी हान्स बुखनर यांनी ही शक्ती पेशीविरहित सीरममध्ये असते व ५५ अंशांच्या आसपास तापवल्यावर ती जाते, हे सिद्ध केले. ज्यूल बोर्दे यांनी १८९५ साली पॅरिसमध्ये केलेला प्रयोग मी वर्गात नेहमी सविस्तर शिकवत असे. लसीकरण केलेल्या प्राण्याचे सीरम तापवून निकामी करायचे, त्यात लस न दिलेल्या प्राण्याचे थोडे ताजे सीरम घालायचे, आणि कॉलऱ्याचे जीवाणू पुन्हा विरघळताना पाहायचे. उष्णतेत टिकणारा आणि विशिष्ट जीवाणूला ओळखणारा एक घटक, व उष्णतेत न टिकणारा पण सर्वांच्या सीरममध्ये असणारा दुसरा घटक, अशी विभागणी त्यातून स्पष्ट झाली. १९१९ चे नोबेल पारितोषिक त्यांना रोगप्रतिकारशक्तीविषयीच्या शोधांबद्दलच मिळाले. पुढे लुई पिलेमर यांनी १९५४ साली असा दावा केला की प्रतिपिंडांशिवायही कॉम्प्लिमेंट सुरू होऊ शकते. त्या काळी त्यांच्यावर फार थोड्यांनी विश्वास ठेवला, आणि तो मार्ग मान्य होईपर्यंत ते हयात नव्हते. आज त्यालाच आपण पर्यायी मार्ग म्हणून पाठ करतो.

आता मूळ मुद्दा. कॉम्प्लिमेंट तीन मार्गांनी सुरू होते : प्रतिपिंड जीवाणूला चिकटल्यावर सी१ पासून, जीवाणूवरील विशिष्ट शर्करा ओळखणाऱ्या लेक्टिन प्रथिनांपासून, किंवा सी३ हे प्रथिन सतत थोडेथोडे आपोआप फुटत असते त्यातून. तिन्ही मार्ग सी३ फोडणाऱ्या विकरापाशी (एन्झाइमपाशी) एकत्र येतात. त्यातून निघणारा सी३बी हा तुकडा जवळच्या पृष्ठभागाला रासायनिक बंधाने कायमचा जोडला जातो, आणि तिथेच पुढचे विकर उभे राहून सी५ फोडते. मग सी५बी, सी६, सी७, सी८ आणि सी९ चे साधारण अठरा रेणू मिळून सुमारे १० नॅनोमीटर व्यासाचे छिद्र तयार होते. ग्रॅम-पॉझिटिव्ह जीवाणूंच्या जाड पेशीभित्तिकेमुळे हे छिद्र त्यांच्या पटलापर्यंत पोहोचत नाही, म्हणून त्यांना मारण्याचे काम मुख्यतः सी३बी चा लेप ओळखणाऱ्या भक्षक पेशी करतात. ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूंचे बाह्य पटल मात्र थेट समोर असते, त्यामुळे केवळ सीरमने मरण्याचा प्रश्न प्रामुख्याने त्यांच्याच बाबतीत येतो.

इथे एक गोष्ट पाठ्यपुस्तकांत पुरेशी ठसवली जात नाही. छिद्र कुठे तयार होते यावर सारे अवलंबून असते. नेदरलँड्समधील युट्रेख्ट येथील संशोधकांनी २०१९ साली दाखवले की सी५ फोडणारे विकर जीवाणूच्या पृष्ठभागावरच बसलेले असेल आणि छिद्राची जुळणी जागच्या जागी होईल, तरच ते पटलात नीट रुतते व जीवाणू मरतो. दूर तयार झालेले संकुल जीवाणूला चिकटले तरी त्याचे काही बिघडत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवली की जीवाणूंच्या बहुतेक युक्त्यांचा अर्थ लागतो. पटल अधिक मजबूत करण्याच्या फंदात ते सहसा पडत नाहीत. हल्ला पटलापासून दूर ठेवणे किंवा तो सुरूच होऊ न देणे, हाच त्यांचा मार्ग असतो.

त्यातील पहिली आणि आपल्या आयसोलेटांच्या दृष्टीने बहुधा सर्वांत महत्त्वाची युक्ती म्हणजे लिपोपॉलिसॅकराइडवरील, म्हणजे बाह्य पटलातील मेद-शर्करायुक्त रेणूवरील, ओ-साखळी. तीन ते सहा शर्करांचा एक घटक पुन्हा पुन्हा जोडून ही साखळी बनते, आणि ती लांब असेल तर कॉम्प्लिमेंट तिच्या वरच्या टोकांवर साचते. उसाच्या उभ्या फडावर शेंड्यांनाच फवारा बसावा आणि जमीन कोरडी राहावी, तसे बाह्य पटल खाली सुरक्षित राहते. साल्मोनेलावर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या प्रयोगांत असे आढळले की प्रतिकारक्षम प्रकारातही सी५बी ते सी९ चे संकुल तयार होते, पण ते पटलात न रुतता निसटून जाते. म्हणजे सीरम निष्क्रिय राहिलेले नसते. ते पूर्ण ताकदीने काम करते आणि ते काम वाया जाते. साखळीत किती घटक जोडायचे हे डब्ल्यूझेडझेड नावाचे प्रथिन ठरवते, आणि साखळीच नसलेले, म्हणजे रफ प्रकारचे जीवाणू सीरममध्ये झपाट्याने मरतात.

दुसरी युक्ती कॅप्सूलची, म्हणजे जीवाणूभोवतीच्या शर्करांच्या आवरणाची. के१ प्रकारच्या कॅप्सूलची साखळी पूर्णपणे सियालिक आम्लाची असते, आणि आपल्या स्वतःच्या पेशींचा पृष्ठभागही सियालिक आम्लाने भरलेला असतो. सीरममधील फॅक्टर एच हे नियंत्रक प्रथिन सियालिक आम्ल दिसले की तो पृष्ठभाग स्वतःचा समजते आणि फॅक्टर आय च्या मदतीने सी३बी निकामी करवते. के१ ई. कोलाय आणि ब गटाचा मेनिंगोकॉकस यांची कॅप्सूल रासायनिकदृष्ट्या एकच आहे, आणि दोघेही मेंदूज्वर घडवतात, हा निव्वळ योगायोग आहे असे मला वाटत नाही.

तिसरी युक्ती याहून धूर्त आहे. काही जीवाणू फॅक्टर एच किंवा त्याच धर्तीचे सी४बीपी हे प्रथिन पकडून स्वतःच्या अंगावर बसवतात. मेनिंगोकॉकसचे फॅक्टर एच पकडणारे प्रथिन इतके उपयुक्त ठरले की आज ब गटाविरुद्धच्या लसींमध्ये तेच वापरले जाते. स्ट्रेप्टोकॉकस पायोजिनीसचे एम प्रथिन आणि के१ ई. कोलायचे ओएमपीए हेही नियंत्रक प्रथिनांना बांधतात. याशिवाय स्यूडोमोनास आपली प्रथिनभंजक विकरे सोडून कॉम्प्लिमेंटचे घटक कापतो. ई. कोलायच्या काही प्लाझ्मिडांवर (मुख्य गुणसूत्राबाहेरील लहान डीएनए-वलयांवर) ट्रा-टी आणि आयएसएस अशी जनुके असतात. त्यांच्यामुळेही सीरममध्ये टिकण्याची क्षमता वाढते, पण माझ्या मते ओ-साखळी आणि कॅप्सूल तपासल्याशिवाय त्यांच्या मागे लागू नये.

यातच आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आले. प्रतिजैविकांना दाद न देण्यासाठी जीवाणू औषध फोडतो, बाहेर फेकतो किंवा औषधाचे लक्ष्य बदलतो. सीरममध्ये टिकण्यासाठी त्याला पृष्ठभागावरच्या शर्करा आणि प्रथिने लागतात. दोन्ही गुण एकाच प्लाझ्मिडावर कधी कधी एकत्र सापडतात, त्यामुळे ते जोडीने पसरू शकतात, पण एकामुळे दुसरा येत नाही. आपल्याला दिसलेली विसंगती म्हणजे विसंगती नव्हेच.

मधला गट, म्हणजे आधी घटून मग वाढणारा, याबद्दल थोडे सावध राहा. नळीतले कॉम्प्लिमेंट मर्यादित असते आणि ते खर्च होते. शरीरात यकृत ते सतत तयार करत असते. जगलेल्या जीवाणूंची एक कॉलनी घेऊन ती पुन्हा ताज्या सीरममध्ये घाला. ते पुन्हा तसेच घटले, तर पहिल्या वेळी फक्त कॉम्प्लिमेंट संपले होते. न घटता वाढले, तर मूळ समूहातच प्रतिकारक्षम जीवाणूंचा लहानसा गट होता. जीवाणूंची सुरुवातीची संख्या मिलिलिटरला साधारण दहा लाखांच्या वर नेऊ नका, नाहीतर सगळेच आयसोलेट प्रतिकारक्षम भासतील.

उत्तर : निदानकक्ष_रात्रपाळी, शाहूपुरी

वरील उत्तरात सिद्धांत आला आहे. रोज नमुने हाताळणारा माणूस म्हणून थोडी व्यवहाराची भर घालतो.

ब्लड कल्चरच्या बाटलीत आम्ही रुग्णाचे रक्त घालतो, तेव्हा त्या रक्तातील कॉम्प्लिमेंटही बाटलीत जाते आणि रक्तात मोजकेच असलेले जीवाणू इन्क्युबेटरमध्ये वाढण्याआधीच मारू शकते. म्हणून बाटलीत सोडियम पॉलिअॅनेथॉल सल्फोनेट, म्हणजे एसपीएस, साधारण ०.०२५ ते ०.०५ टक्के घातलेले असते. ते रक्त गोठू देत नाही आणि कॉम्प्लिमेंटही रोखते. शिवाय रक्त पाच ते दहा पट विरळ होत असल्याने उरलेली मारकशक्ती आणखी घटते. तुमच्या प्रयोगात मात्र एसपीएस, ईडीटीए किंवा हेपरिन यांपैकी काहीही येता कामा नये. ईडीटीए कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही बांधून ठेवतो, त्यामुळे जांभळ्या झाकणाच्या नळीतील प्लाझ्मामध्ये तिन्ही मार्ग बंद पडतात. लाल झाकणाच्या साध्या नळीतच रक्त घ्या, गोठू द्या, सीरम लगेच वेगळे करून लहान लहान भागांत उणे ७० अंशांखाली ठेवा, आणि एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवू नका.

तपासणीच्या प्रत्येक फेरीत के-१२ वंशाचा एखादा प्रयोगशाळेतील ई. कोलाय जरूर ठेवा. के-१२ हा १९२२ साली कॅलिफोर्नियात एका रुग्णाच्या विष्ठेतून मिळाला, पण प्रयोगशाळेतील दीर्घ वास्तव्यात त्याने ओ-साखळी गमावली आहे. तुमच्या ताज्या सीरममध्ये तो मरत नसेल, तर दोष आयसोलेटांचा नसून सीरमचा आहे.

याच कारणासाठी आयसोलेट पुन्हा पुन्हा प्लेटवर चढवत राहणे टाळावे. रुग्णाच्या पूस्रावातून थेट घेतलेले गोनोकॉकस (परमा या गुप्तरोगाचे जीवाणू) सीरममध्ये टिकतात आणि माध्यमावर वाढवल्यावर तो गुण गमावतात, हे १९७० साली दिसून आले होते. पुढे कळले की हा जीवाणू माणसाच्या शरीरातील सियालिक आम्लाचा तयार पुरवठा घेऊन ते आपल्या पृष्ठभागावर बसवतो. माध्यमात तो पुरवठा नसल्याने ते आवरणही राहत नाही. तुमच्या ई. कोलायची गोष्ट नेमकी तशी नाही, पण ओ-साखळी आणि कॅप्सूल प्रयोगशाळेत गळून पडू शकतात, तेव्हा मूळ नमुन्यापासून शक्य तितक्या लवकर ग्लिसरॉलमध्ये साठवण करावी.

रुग्णाच्या दृष्टीने या गुणाचा अर्थ काय, असेही कुणी विचारील. मूत्राशयात सीरम फारसे नसते, त्यामुळे साध्या मूत्राशयदाहासाठी जीवाणूला हा प्रतिकार असलाच पाहिजे असे नाही. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढून रक्तात उतरतो, तेव्हा तो निर्णायक ठरतो. मूत्र-नमुन्यांत तुम्हाला सगळेच प्रकार दिसले, ते त्यामुळेच. याच्या उलट बाजूचे उदाहरण अधिक बोलके आहे. सी५ ते सी९ पैकी एखादा घटक जन्मतःच नसलेल्या व्यक्तींना बहुतेक जीवाणूंपासून विशेष त्रास होत नाही, पण मेनिंगोकॉकसचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो. २००७ साली मान्यता मिळालेले एक्युलिझुमॅब हे औषध सी५ रोखते, आणि ते घेणाऱ्यांमध्ये मेनिंगोकॉकसच्या संसर्गाचा धोका सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत सुमारे हजार ते दोन हजार पट असतो. म्हणून औषध सुरू करण्याआधी लस द्यावी लागते. छिद्र पाडणारी यंत्रणा माणसाला नेमकी कुणाविरुद्ध लागते, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधायला नको.

उत्तर : शिरोळकाठचा_फिजिशियन

चर्चा ई. कोलायवर चालू आहे, आणि ती तशीच राहावी. तरीही आपल्या जिल्ह्यात या विषयाचे सर्वांत जवळचे उदाहरण लेप्टोस्पायरा हेच आहे, म्हणून थोडे लिहितो. पंचगंगा आणि कृष्णा यांच्या काठच्या गावांत २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर चिखलात, गोठ्यांत आणि उसाच्या शेतांत अनवाणी वावरणाऱ्या लोकांना ताप आला की आमच्या मनात हे नाव लगेच येते.

लेप्टोस्पायराच्या काही जाती पाण्यात आणि ओल्या मातीत निरुपद्रवीपणे राहतात, तर काही उंदीर व गुरे यांच्या मूत्रातून बाहेर पडून माणसाला आजारी पाडतात. ताज्या मानवी सीरममध्ये टाकल्यावर बायफ्लेक्सा ही निरुपद्रवी जात लवकर मरते आणि रोगकारक जाती जिवंत राहतात. हा फरक इतका ठळक आहे की रोगकारकतेचा आणि सीरममध्ये टिकण्याचा संबंध समजावून सांगायला दुसरे उदाहरण शोधावे लागत नाही. रोगकारक जातींच्या पृष्ठभागावर लिग आणि लेन या गटांतील प्रथिने असतात. ती फॅक्टर एच आणि सी४बीपी यांना पकडून ठेवतात. त्याशिवाय हे जीवाणू माणसाच्या रक्तातील प्लाझ्मिनोजेन हे प्रथिनही अंगावर घेतात आणि त्यापासून बनलेल्या प्लाझ्मिनने सी३बी व प्रतिपिंडे कापतात. त्यांची स्वतःची काही विकरेही सी३ वर चालतात. म्हणजे शिक्षकांनी सांगितलेल्या तिसऱ्या युक्तीचा हा अगदी पूर्ण नमुना आहे.

त्वचेवरच्या लहानशा जखमेतून शिरलेला जीवाणू काही तासांत रक्तात पोहोचतो, आणि तिथे त्याला पहिल्यांदा गाठणारी गोष्ट म्हणजे कॉम्प्लिमेंट. ती पायरी ओलांडता आली तरच तो यकृत आणि मूत्रपिंडापर्यंत जातो. रुग्णाला नंतर त्या सेरोव्हरविरुद्ध (जीवाणूच्या उपप्रकाराविरुद्ध) प्रतिपिंडे तयार झाली की चित्र पालटते, पण त्याला आठवडाभर लागतो, आणि आमच्याकडे रुग्ण येतो तो बहुधा त्याच आठवड्यात. डॉक्सिसायक्लिन किंवा पेनिसिलिन लवकर सुरू करण्याचा आग्रह आम्ही धरतो, तो याच कारणाने.

विद्यार्थिनीने याचा प्रयोग करू नये, हेही सांगतो. लेप्टोस्पायरा वाढायला आठवडे लागतात आणि रोगकारक जातींसाठी सुरक्षिततेची वेगळी व्यवस्था लागते.

पुढील प्रश्न : सूक्ष्मजीव_एमएस्सी, कोल्हापूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. के-१२ वंशाचा जीवाणू पुढच्या फेरीपासून ठेवते, आणि जगलेल्या कॉलन्या पुन्हा ताज्या सीरममध्ये घालून पाहते. उत्तरे वाचताना आणखी दोन शंका आल्या.

मानवी सीरम जपून वापरावे लागते. कोल्हापुरात म्हशी आणि मेंढ्यांचे रक्त मिळवणे तुलनेने सोपे आहे. ते सीरम वापरले तर चालेल का?

दुसरी शंका अधिक अवघड वाटते. एका स्वयंसेवकाच्या सीरममध्ये एक विशिष्ट आयसोलेट अजिबात मरत नाही, पण तेच सीरम बरेच विरळ केले की मरतो. इतर स्वयंसेवकांच्या सीरममध्ये तो विरळ न करताही मरतो. मारणारे सीरम कमी केल्यावर मारण्याची शक्ती वाढावी, हे कसे शक्य आहे?

उत्तर : गुरांचा_डॉक्टर, करवीर

पहिल्या शंकेचे उत्तर देतो. चालेल, पण मग आपला निष्कर्ष म्हशीबद्दलचा असेल, माणसाबद्दलचा नाही.

फॅक्टर एच पकडणाऱ्या जीवाणूंपैकी कित्येकांना एका विशिष्ट प्राण्याचेच फॅक्टर एच पकडता येते. मेनिंगोकॉकस माणसाचे पकडतो, सशाचे पकडत नाही. लसीची चाचणी सशाच्या पिल्लाचे कॉम्प्लिमेंट वापरून केली तर ब गटाचा जीवाणू प्रत्यक्षापेक्षा दुबळा दिसतो आणि लस प्रत्यक्षापेक्षा गुणकारी भासते; म्हणून ब गटासाठी मानवी कॉम्प्लिमेंटच घेतले जाते. शिवाय प्रत्येक प्राण्याच्या सीरममध्ये त्याच्या स्वतःच्या आतड्यातील जीवाणूंविरुद्धची प्रतिपिंडे आधीपासून असतात, तीही निकाल फिरवतात.

आमच्या कामातले उदाहरण ब्रुसेलाचे. गायी-म्हशींत गर्भपात घडवणारा ब्रुसेला अबॉर्टस हा लांब ओ-साखळी असलेला, म्हणजे स्मूथ प्रकारचा असतो, आणि त्याचे लिपोपॉलिसॅकराइड कॉम्प्लिमेंटला फारसे चेतवत नाही. चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना, रेडकांसह, जी एस-१९ लस टोचली जाते, तिच्यातील जीवाणूही स्मूथच आहे. २०१९ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात हीच लस आहे. आरबी-५१ या दुसऱ्या लसीतील जीवाणूची ओ-साखळी गेलेली असल्याने तो कॉम्प्लिमेंटने सहज मरतो. ती लस दिलेल्या जनावराची ‘रोझ बेंगॉल’ ही ब्रुसेलाची रक्तचाचणीही त्यामुळे खोटी पॉझिटिव्ह येत नाही, कारण ती चाचणी ओ-साखळीविरुद्धची प्रतिपिंडेच शोधते. एकच साखळी जीवाणूला वाचवते आणि आम्हाला आजाराचा माग दाखवते, हे मला नेहमीच गमतीचे वाटत आले आहे.

उत्तर : निवृत्त_शिक्षक, राजारामपुरी

दुसऱ्या शंकेत आपल्या प्रकल्पातील सर्वांत मोलाचे निरीक्षण आहे. ते चुकीचा निकाल समजून बाजूला टाकू नका.

प्रतिपिंडे जीवाणूला मारायला मदत करतात, हे अर्धे खरे आहे. ती कुठे चिकटतात आणि किती चिकटतात, यावर त्यांचा परिणाम ठरतो. ओ-साखळीच्या बाहेरच्या टोकांवर प्रतिपिंडांची दाटी झाली, तर कॉम्प्लिमेंट तिथेच ओढले जाते आणि पटलापासून दूर खर्च होते. मारकशक्तीचे सगळे सामान हजर असते, आणि त्या व्यक्तीचीच प्रतिपिंडे जीवाणूचे संरक्षण करतात. मलावीतील एचआयव्हीबाधित प्रौढांच्या सीरममध्ये साल्मोनेला मरत नाही, याचे कारण लिपोपॉलिसॅकराइडविरुद्धच्या प्रतिपिंडांचा अतिरेक आहे, असे २०१० साली प्रसिद्ध झाले. श्वासनलिका रुंदावण्याच्या आजारात स्यूडोमोनास वर्षानुवर्षे फुप्फुसात राहतो. अशा काही रुग्णांतही हेच आढळले, आणि त्यांच्यातील मोजक्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे प्लाझ्माफेरेसिसने काढल्यावर प्रकृतीत सुधारणा दिसली. मूत्रमार्गातून रक्तात पसरलेल्या ई. कोलायच्या संसर्गातील काही रुग्णांत अशी रोखणारी प्रतिपिंडे असल्याचे २०१८ साली नोंदवले गेले आहे. सीरम विरळ केल्यावर ही दाटी कमी होते आणि कॉम्प्लिमेंट पुन्हा पटलाजवळ पोहोचते, म्हणून आपल्याला तो उलटा निकाल दिसतो.

हे खरोखर प्रतिपिंडांमुळेच घडते आहे का, की त्या स्वयंसेवकाच्या कॉम्प्लिमेंटमध्येच कमतरता आहे, याची खात्री करणे अवघड नाही. कमतरता असती तर विरळ केल्यावर मारकशक्ती वाढली नसती, त्यामुळे ती शक्यता कमी आहे, पण परीक्षक विचारतील. त्या स्वयंसेवकाचे सीरम ५६ अंशांवर अर्धा तास तापवा, म्हणजे त्यातील कॉम्प्लिमेंट जाईल आणि प्रतिपिंडे राहतील. मग ते दुसऱ्या स्वयंसेवकाच्या, त्याच आयसोलेटला मारणाऱ्या ताज्या सीरममध्ये मिसळा. मिश्रणातही जीवाणू जगला, तर तो रोखणाऱ्या प्रतिपिंडांचाच प्रभाव. जीवाणू मेला, तर ती शक्यता बाद होते, आणि मग त्या स्वयंसेवकाच्या कॉम्प्लिमेंटकडे पाहावे लागेल. तुलनेसाठी त्याच प्रमाणात तिसऱ्या व्यक्तीचे तापवलेले सीरम घातलेली नळी ठेवायला विसरू नका, कारण नुसते विरळ झाल्यानेही निकाल थोडा बदलतो.

वेळ उरला तर मॅग्नेशियम घातलेल्या ईजीटीए ची एक नळी करून पाहा. ईजीटीए कॅल्शियम बांधतो, त्यामुळे प्रतिपिंडांचा आणि लेक्टिनचा मार्ग थांबतो, आणि मॅग्नेशियमवर चालणारा पर्यायी मार्ग तेवढा उरतो. जे आयसोलेट साध्या सीरममध्ये मरतात पण या नळीत जगतात, त्यांना मारण्यासाठी प्रतिपिंडांचा किंवा लेक्टिनचा आधार लागतो. जे दोन्हीकडे मरतात, त्यांची ओ-साखळी बहुधा आखूड आहे किंवा नाहीच. त्यांचे लिपोपॉलिसॅकराइड वेगळे करून जेलवर चालवा आणि चांदीच्या रंजनाने रंगवा, म्हणजे साखळीच्या लांबीप्रमाणे शिडीसारखे पट्टे दिसतील. त्या स्वयंसेवकाला पूर्वी मूत्रमार्गाचा संसर्ग वारंवार होऊन गेला आहे का, हे विचारण्याची मुभा आपल्या संमतीपत्रात आहे का तेवढे आधी पाहून घ्या. नसेल, तर समितीकडे दुरुस्तीचा अर्ज आताच करावा, कारण त्यांच्या बैठका रोज होत नाहीत.